तुम्ही विचारलंत म्हणून: शिकता शिकता मोटर जळाली तर?

"सर, विहिरीवरची मोटर चालू-बंद करणारा तुमचा प्रोग्राम चुकतमाकत शिकतो म्हणता. तो शिकेपर्यंत माझी मोटर राहील का?" रावेर-यावलकडचे केळीवाले हे हमखास विचारतात. सुरक्षित रिइन्फोर्समेंट लर्निंग या आमच्या विषयाचा गाभाही हाच प्रश्न आहे.

या पद्धतीत प्रोग्राम काहीतरी करून बघतो, त्याला गुण मिळतात किंवा कापले जातात, आणि त्यावरून तो सुधारतो. २०१७ साली अल्फागो झिरो नावाचा प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळून गो हा पटावरचा खेळ शिकला. हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. पाणबुडी मोटर कोरडी चालली तर मात्र थेट रिवाइंडिंग.

मग कोरडी चालली की दंड लावा, असं कुणीही सुचवेल. दंड कमी ठेवला तर प्रोग्राम तो सोसून उपसा चालूच ठेवतो. जास्त ठेवला तर मोटर लावायलाच घाबरतो आणि वैशाखात केळी माना टाकते. 'सरासरी दंड इतक्याच्या आत' अशी अट घालून शिकवायच्या पद्धतीही आहेत. शोधनिबंधात त्या छान दिसतात, पण मोटर काही सरासरीने जळत नाही. म्हणून मला कंट्रोल इंजिनिअरिंगवाल्यांची रीत पटते: शिकणारा वेगळा, राखणारा वेगळा.

राखणाऱ्याला सेफ्टी फिल्टर म्हणतात. समजा विहीर ६ मीटर व्यासाची आहे आणि मोटर तासाला २०,००० लिटर काढते. झरे शून्य धरले तर १५ मिनिटांत पातळी साधारण १८ सेंटिमीटर उतरते. मोटरवर किमान १ मीटर पाणी राहायला हवं, आणि पातळी मोजणारा सेन्सर ५ सेंटिमीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. मग दर १५ मिनिटांनी एवढंच बघायचं: मोटरवर १.२३ मीटर पाणी आहे का? असेल तर प्रोग्रामचं ऐकायचं, नसेल तर मोटर बंद. कंट्रोल बॅरियर फंक्शन हे याच हिशेबाचं बांधेसूद गणिती रूप. सीमा जवळ येईल तसतशी तिकडे सरकायची मुभा कमी होत जाते.

हिशेबात धरलेलं खोटं निघालं की फिल्टर फसतो. विहीर सामाईक असेल आणि भाऊबंदांची तेवढीच मोटर त्याच वेळी लागली, तर पातळी ३६ सेंटिमीटर उतरते. तिथे मर्यादा १.४१ मीटर धरावी लागते. बोअरची गत आणखी वेगळी. सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला जेमतेम १८ लिटर पाणी मावतं. तासाला ५,००० लिटरची मोटर लावली आणि आवक शून्य धरली, तर पातळी मिनिटाला साडेचार मीटर उतरते. तिथे १५ मिनिटांची तपासणी काय कामाची? वाचन काही सेकंदांनी घ्यावं लागतं. शिवाय आवक शून्य धरली तर फिल्टर मोटर चालूच देणार नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यात मोजलेली कमीत कमी आवक धरायची.

वायरिंगमधली एक गफलत फार होते. रात्री लाइट आली की ऑटो स्टार्टर परस्पर मोटर लावतो, फिल्टरला विचारतच नाही. त्यावर उपाय म्हणजे फिल्टरच्या रिलेचा नॉर्मली ओपन (रिलेला वीज नसताना उघडा राहणारा) कॉन्टॅक्ट, मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये घेणं. मग कंट्रोलर बंद पडला तरी मोटर बंदच राहते. सेन्सर ४ ते २० मिलिअँपियरचा घ्या. ४ म्हणजे तळ, शून्य म्हणजे वायर तुटली, हा फरक त्यात कळतो. आणि अँपिअर पडला की ट्रिप होणारा, मोटर कोरडी चालू न देणारा जुना ड्राय रन प्रिव्हेंटर काढून टाकू नका.

शिकवतानाही एक खोच आहे. प्रोग्राम 'चालू' म्हणाला आणि फिल्टरने बंद केलं, तर नोंद 'बंद'चीच व्हायला हवी. नाहीतर न चाललेल्या मोटरचे गुण तो 'चालू'च्या खात्यात टाकतो आणि भलतंच शिकतो. प्रत्येक अडवणुकीला मागितलेल्या 'चालू'वर थोडा दंडही ठेवावा, म्हणजे तो सतत फिल्टरला धडका देत बसत नाही.

'बंद म्हणजे सुरक्षित' हे मोटरला काही तासांपुरतं लागू पडतं. त्यापुढे ठिबकचं ठरलेलं वेळापत्रक हाताशी हवंच. तापीवरच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांना तर ते अजिबात लागू नाही. पुरात दरवाजे न उघडणं हाही धोका, एकदम उघडणं हाही. तिथे असला शिकाऊ प्रोग्राम बसवायला मी तरी आज हो म्हणणार नाही.

एवढं सगळं बांधून ठेवल्यावर त्याला शिकायला उरतं काय? मिळालेल्या लाइटच्या तासांत कोणता व्हॉल्व्ह आधी, किती वेळ, आणि ढगाळ दिवशी पाणी किती कमी करायचं, एवढंच.