कूलर बंद करा, पोरं बोलताहेत

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करायला सांगितलं की आईवडील असे बघतात! पण मुलांची भाषा कितपत तयार झालीय हे बघायला वाक्य ऐकून परत म्हणायची चाचणी घेताना ती घरघर चालत नाही.

चाचणी दिसायला सोपी. मी वाक्य एकदाच म्हणायचं, मुलाने तसंच म्हणून दाखवायचं. वाक्य लांब असलं की नुसती पोपटपंची पुरत नाही; मूल अर्थ धरून स्वतःच्या व्याकरणाने ते पुन्हा रचतं. जे व्याकरण अंगवळणी पडलेलं नाही, ते तिथेच गळतं.

आजचं वाक्य होतं, 'ज्या मुलाने संत्रं सोललं, त्याला आजीने पाटावर बसवलं.' एक मुलगा म्हणाला, 'मुलगा संत्रं सोललं, आजी पाटावर बसवलं.' 'ज्या', 'त्याला' आणि दोन्ही 'ने' गायब. नंतरची चिमुरडी मात्र बिनधास्त: 'ज्या पोरानं संत्रं सोललं, त्याले आजीनं पाटावर बसवलं.' पूर्ण गुण! 'त्याले' ही चूक नाहीच, घरची वऱ्हाडी आहे. शाळेतून तिच्याबद्दल 'भाषा कच्ची' असा शेरा आलाय म्हणे. अहो, एवढी जोडवाक्याची चौकट शाबूत ठेवली पोरीनं, अजून काय पाहिजे?

2001 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, भाषाविकासात अडचण असलेली मुलं ओळखायला चार चाचण्यांपैकी हीच सर्वांत उपयोगी ठरली होती. तरी एवढ्यावर निदान नाही करत मी. घरी हिंदी किती, मराठी किती, हे विचारावंच लागतं. त्या मुलाच्या आईला म्हटलं, ताई, आधी त्याचे कान तपासून आणा, मग पुढचं बघू.