आमची वाटचाल : दोन पडद्यांपासून सहा पडद्यांपर्यंत

आज आम्ही शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांसाठी अनेक पडद्यांचे संगणक जुळवून देतो. पण पुण्याच्या नारायण पेठेत २००३ साली आम्ही संगणक जुळवून देण्याचे छोटे दुकान सुरू केले, तेव्हा शेअर बाजाराशी आमचा काहीही संबंध नव्हता. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे, रात्री जुळवायचे आणि सकाळी पोहोचवायचे, एवढाच उद्योग होता. पेठेतल्याच एका सब-ब्रोकरने (शेअर दलालाच्या हाताखालच्या मध्यस्थाने), एका पडद्यावर सौदे करण्याचे टर्मिनल आणि दुसऱ्यावर भावांचा चार्ट दिसेल असा संगणक मागितला आणि आमची दिशा बदलली. त्या काळच्या मदरबोर्डवर एजीपीचा, म्हणजे ग्राफिक कार्डाचा, खाचा एकच असे. दुसऱ्या मॉनिटरसाठी पीसीआयच्या, म्हणजे इतर कार्डांच्या, खाच्यात आणखी एक कार्ड बसवावे लागले आणि दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर एकमेकांशी जुळवण्यात आमचे तीन दिवस गेले.

या व्यवसायातला खरा धडा मात्र आम्हांला २०११ मध्ये सांगलीत मिळाला. हळदीच्या वायद्यांत व्यवहार करणाऱ्या एका व्यापाऱ्यांना तीन पडदे हवे होते. एका कार्डावर तीन मॉनिटर चालवणारी रेडिऑनची मालिका तेव्हा बाजारात आलेली होती. खोक्यावर तीन मॉनिटरचे चित्र होते, कार्डाला पुरेशी आउटपुट होती, म्हणून आम्ही निर्धास्तपणे गाडीत सामान भरले. सांगलीत दोन मॉनिटर लागले, तिसरा काही केल्या लागेना. त्या कार्डात डीव्हीआय-एचडीएमआय पद्धतीच्या सिग्नलसाठी लागणारी घड्याळे, म्हणजे सिग्नलची लय ठरवणारे भाग, दोनच होती. तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्ट या नव्या पद्धतीच्या जोडणीवरच चालणार होता, आणि आमचे मॉनिटर जुन्या पद्धतीचे होते. आम्ही नेलेला साधा कन्व्हर्टर कार्डाचेच घड्याळ मागत होता. हवा होता तो स्वतः सिग्नल बदलणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर, आणि तो मुंबईहून येईपर्यंत त्या गृहस्थांना दोनच पडद्यांवर काम भागवावे लागले. ते शांतपणे एवढेच म्हणाले, "अहो, पुण्यातच लावून पाहिलं असतंत तर?" चूक सर्वस्वी आमची होती. त्या दिवसापासून ग्राहकाचे मॉनिटर, त्याच्याच केबल आणि तेच कार्ड दुकानात एकत्र लावून पाहिल्याशिवाय एकही संच आम्ही बाहेर पाठवलेला नाही.

आज येणारे बहुतेक तरुण ग्राहक गेमिंगचे महागडे ग्राफिक कार्ड मागतात. आम्ही त्यांना आधी त्यापासून परावृत्त करतो. चार्ट, ऑप्शन चेन (ऑप्शनच्या भावांचा तक्ता) आणि मार्केट वॉच (निवडलेल्या शेअरच्या भावांची यादी) यांना त्रिमितीय ताकद लागत नाही. लागतात ती पुरेशी आउटपुट आणि दिवसभर न डगमगणारा ड्रायव्हर. एन्व्हिडियाच्या टी४०० कार्डाला तीन आणि टी१००० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. टी१००० चा वीजवापर ५० वॅट असल्यामुळे त्याला एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, वेगळी तार द्यावी लागत नाही आणि खोलीही तापत नाही. सहा पडद्यांसाठी आम्ही एकाच मालिकेची दोन कार्डे बसवतो, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदवण्याचा त्रास आम्ही पुरेसा भोगला आहे. यूएसबीवरून पडदा वाढवणारे अडॅप्टर आम्ही देत नाही. त्यांचे चित्र मुख्यतः प्रोसेसर तयार करतो, आणि भाव वेगाने हलत असतात नेमका तेव्हाच तो भार वाढतो.

२०२१ मध्ये ग्राफिक कार्डांवर चालणाऱ्या आभासी चलनाच्या मायनिंगमुळे आणि चिपच्या टंचाईमुळे साध्या कार्डांचे भावही आवाक्याबाहेर गेले. तेव्हा आम्ही ग्राहकांना प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर दोन-तीन पडदे लावून दिले आणि कार्ड नंतर घ्या, असे सांगितले. विक्री घटली, पण तो सल्ला योग्यच होता. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, त्यात ही सोय नसते, हे खरेदीपूर्वी पाहावेच लागते.

मॉनिटरच्या बाबतीत आमचा आग्रह अक्षरांच्या स्पष्टतेचा आहे. २४ इंची फुल एचडी (१९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या) पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणले की ते ८२ वर येतात आणि आकडे जाड दिसू लागतात. २७ इंची घ्यायचा तर २५६० गुणिले १४४०चाच घ्यावा. ४३ इंची एकच फोर-के (३८४० गुणिले २१६०) पडदा म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल एचडी पडदे, मध्ये एकही चौकट नसलेले. परंतु त्याला जुने एचडीएमआय १.४ जोडले, तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळतो. कडेचे पडदे तिरके पाहावे लागतात, म्हणून तिथे तिरके पाहिले तरी चित्र स्पष्ट ठेवणारे आयपीएस पॅनेलच हवे. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या (१४४ हर्ट्झ) मॉनिटरसाठी मात्र जादा पैसे घालण्याची काहीही गरज नाही.

पुण्यात वीजवाहिन्यांची देखभाल बहुधा गुरुवारी होते, आणि राष्ट्रीय शेअर बाजारातील निफ्टी या निर्देशांकाच्या करारांची मुदतही ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत गुरुवारीच संपत असे. त्या दिवशी वीज गेली तरी पडदे बंद पडून चालत नसे. कॅबिनेट आणि एकच मॉनिटर यूपीएसवर ठेवण्याची जुनी पद्धत आम्ही त्यामुळेच सोडली. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट घेतो. सर्व मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर यूपीएसवर घेणे सहज परवडते. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मुदत मंगळवारवर गेली, तरी ही पद्धत आम्ही कायम ठेवली आहे.

संच आम्ही शनिवारीच पोहोचवतो, म्हणजे सोमवारी सव्वानऊच्या आत सर्व काही दोनदा तपासता येते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवतो. सांगलीच्या त्या व्यापाऱ्यांकडे आता चार पडदे आहेत. गेल्या वर्षी एक बंद पडला, तेव्हा आम्ही फोनवर सांगत गेलो आणि त्यांच्या मुलाने तीन आणि चार क्रमांकांच्या केबल आपसांत बदलून पाहिल्या. दोष तीन क्रमांकाच्या केबलमध्ये निघाला, आणि नवी केबल आम्ही त्याच संध्याकाळी कुरिअरने पाठवली.