सर्वात वाईट दिवसाच्या मापाचं पाऊल

पाडव्याला ठरवलेलं रोजचं तासभर चालणं जळगाव-धुळ्याकडे बहुधा मे महिन्यात मोडतं. पारा ४४-४५ वर जातो, लग्नाच्या तिथी दाट लागतात, उकाड्याने रात्रीची झोप होत नाही आणि पहाटे पाचचा गजर वाजून बंद होतो. मग माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. पण आळसाचा इथे फारसा संबंध नाही, चुकलेलं असतं ते माप. चैत्रातल्या बऱ्या पहाटे, उत्साहाच्या भरात घेतलेलं माप वर्षभर पुरेल असं धरलेलं असतं.

माप उलट्या बाजूने घ्या. वर्षातला सर्वात ओढाताणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा: निंदणीवरून अंधार पडता घरी आलेला, किंवा एकाच दिवशी दोन लग्नं गाठलेला. त्या दिवशीही जे होईल तेवढंच रोजचं पाऊल. चालण्याचं म्हणाल तर रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं, गच्चीवर किंवा गल्लीत. एखाद्या दिवशी अर्धा तास झाला तर चांगलंच, पण नेम दहा मिनिटांचाच. जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखरही कमी चढते, म्हणून वेळ निवडायची तर हीच.

दुसरी गोष्ट खुंटीची. नवं काम टांगायला आधीपासून घट्ट बसलेली एखादी सवय लागते. ‘जेवण झाल्यावर चालेन’ ही खुंटी सैल आहे, कारण जेवण आणि चालणं यांच्यामध्ये टीव्ही, मोबाइल आणि ओट्यावरच्या गप्पा शिरतात. ‘जेवून हात धुतला की चप्पल पायात’ ही पक्की. चप्पल हात धुण्याच्या जागेवरून दिसेल अशी ठेवा. एवढ्या बारीक गोष्टीने किती फरक पडतो, ते करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

चहातल्या साखरेला हेच तंत्र लागू पडतं, फक्त तिथे पाऊल कमी करत न्यायचं असतं. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमच्यात साधारण ४ ग्रॅम, म्हणजे नुसत्या चहातून ३२ ग्रॅम. वरून घातलेली साखर, मध वगैरे सगळं मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिलं तर अधिक बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं आहे. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केला की चौथ्या दिवशी पाहुणे येतात आणि जुना चहा परत येतो. शिवाय आपल्याकडे चहा सगळ्यांचा एकाच पातेल्यात उकळतो, त्यामुळे एकट्याचा निश्चय टिकत नाही. म्हणून पातेल्याचंच माप धरा. पाच जणांच्या चहाला दहा चमचे पडत असतील तर नऊ करा आणि दोन आठवडे तिथेच थांबा. दहातला एक चमचा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तेवढ्यात जीभ सरावते. मग आठ. पाच चमच्यांवर यायला आठ आठवडे लागतात. बिघडतं ते बहुतेक चमच्यात: आकडा कमी होतो आणि चमचा शीग लावून भरला जातो. बोटाने शीग काढून सपाट चमचाच मोजा. साखरेच्या जागी गूळ घालून हिशेब सुटत नाही, तीही साखरच. चहाबरोबरची टोस्ट-बिस्किटं वाढत नाहीत ना, तेवढं बघा.

किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक नवी सवय पाळायला लावली. कृती आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतलं अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त दिवस लागले. त्याच अभ्यासात, मध्ये एखादा दिवस चुकल्याने घडी मोडली नाही, असंही दिसलं. हे मोलाचं आहे, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं किंवा श्रावणात घरी कानबाई ही खानदेशातली देवी बसली की दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं चालू नका, दहाच चाला. भरपाई साठत गेली की तिचंच ओझं होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयाला पेन दोरीने बांधून ठेवा आणि झालेल्या दिवशी फक्त एक रेघ ओढा. दोन कोरे चौकोन लागोपाठ दिसले की तिसऱ्या दिवशी पाचच मिनिटं चाला, पण चाला.

शेतीच्या पैशातून करायच्या बचतीला मात्र रोजचं पाऊल बसत नाही. दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आवर्ती ठेव पगारदाराच्या सोयीची. कापसाचा पैसा वर्षातून दोन-तीनदाच हातात येतो. तिथली खुंटी म्हणजे विक्रीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती. ती हातात पडली की त्याच दिवशी, दुकानांची उधारी फेडायला निघण्याआधी, क्विंटलमागे १०० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. चाळीस क्विंटलला चार हजार होतात. बोंडअळीने उतारा निम्म्यावर आला तर दोन हजार पडतील, आणि नेम तसाच राहील.