चर्च पाडून भाडेकरू झालेली मंडळी

रविवार, रात्री उशिरा

एखाद्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, आपलं दगडी चर्च स्वतः मतदान करून विकायचं, पाडू द्यायचं आणि नंतर त्याच जागेवर भाड्याने राहायचं, हे आमच्या नगरकडच्या माणसाच्या पचनी लवकर पडत नाही. माझ्याही पडत नव्हतं. इथे अमेरिकेत व्हर्जिनियात आल्यापासून अर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन चर्चबद्दल ऐकत होते, आज कोलंबिया पाइक या रस्त्यावर तिथे भक्तीला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाऊन आले आणि आता झोपच येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय.

बाहेरून बघितलं तर सरळ अपार्टमेंटची बिल्डिंग. गिलियम प्लेस नाव, १७३ घरं, आणि चर्च खाली तळमजल्यावर. पूर्वी याच जागी त्यांचं जुनं चर्च होतं. कधीकाळी गच्च भरायचं, मग हळूहळू लोक कमी होत गेले, म्हातारी माणसं उरली, आणि एवढी मोठी वास्तू सांभाळायची म्हणजे छप्पर, हीटिंग, दुरुस्त्या, दानातला बराचसा पैसा भिंतींवरच जायचा. ही गोष्ट आपल्याकडच्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या कुठल्याही पंच कमिटीला सांगा, लगेच माना डोलावतील.

पण यांनी पुढे जे केलं ते मला फार मोठं वाटतं. लोकांना चर्चमध्ये कसं ओढून आणायचं यावर डोकं लावण्याऐवजी ते स्वतः बाहेर पडले, बस स्टॉपवर, आसपासच्या रस्त्यांवर माणसांशी बोलत बसले, तुमचं कसं चाललंय म्हणून विचारत राहिले. आणि फिरून फिरून एकच गोष्ट ऐकू आली, घरभाडं परवडत नाही. याच भागात काम करणारी माणसं इथे राहूच शकत नव्हती, लांबून बस बदलत बदलत यायची. मग मंडळीने प्रश्नच फिरवला, आपल्याला माणसं कशी मिळतील ते सोडून आपल्याकडे असं काय आहे जे यांना देता येईल? त्यांच्याकडे होती ती जमीन.

जागा एपाह नावाच्या, परवडणारी घरं बांधणाऱ्या ना-नफा संस्थेला विकली, साधारण ८५ लाख डॉलरला, बाजारभावापेक्षा कमी किमतीत. (अर्लिंग्टनमध्ये बिल्डर जमिनीला काय भाव देतात हे इथे घर शोधलेल्या कोणालाही विचारा.) प्रेस्बिटेरियन पद्धतीत मालमत्ता एकट्या स्थानिक मंडळीची नसते, वरच्या प्रेस्बिटरीची, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची, परवानगी लागते, तीही घेतली. विरोध झाला. होणारच ना, कोणाचं लग्न तिथे लागलेलं, कोणाच्या आईला तिथून शेवटचा निरोप दिलेला, त्या भिंती पाडायच्या म्हटल्यावर माणूस रडणार नाही तर काय करेल. मला त्या विरोध करणाऱ्यांबद्दल जराही राग येत नाही.

२०१९ मध्ये बिल्डिंग उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी ॲमेझॉनने आपलं दुसरं मुख्यालय अर्लिंग्टनमध्ये आणायचं जाहीर केलं होतं, म्हणजे भाडी अजून वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि नेमक्या त्याच वेळी इथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखलेली घरं तयार होत होती. बिल्डिंगला नाव दिलं ते चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय एल्डरचं (मंडळीने निवडलेल्या वडिलांचं), रोंडा गिलियम यांचं, ज्यांनी गरजूंसाठी कपड्यांचं काम उभं केलं होतं. देणगीदार शोधून त्याचं नाव लावता आलं असतं की. सुरुवातीला तळमजल्यावर ला कोसिना नावाची संस्थाही आली, स्थलांतरित लोकांना स्वयंपाकाचं ट्रेनिंग देऊन नोकरीला लावणारी.

भक्ती झाल्यावर बाहेर थांबले होते तर एक बाई दोन्ही हातात किराण्याच्या पिशव्या घेऊन आली, मागे शाळेतलं पोरगं, त्याने उड्या मारत जाऊन दरवाजा उघडून धरला आणि दोघं आत लिफ्टकडे गेली. ती चर्चला येतात की नाही मला माहीत नाही, विचारलंही नाही. इथे घर मिळायला चर्चचं सभासद असावं लागत नाही, हेच तर मला सगळ्यात जास्त आवडलं.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आठवत होते दिवसभर. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. मिशनच्या कंपाउंडबाहेर पडल्याशिवाय ख्रिस्त मराठी माणसाच्या दारात जाणार नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. शंभरहून जास्त वर्षं झाली, त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो, आणि तरी आपल्याकडे अजून कंपाउंडच्या जमिनींवरून कोर्टात तारखा पडताहेत, एकाच मंडळीतले दोन गट एकमेकांचं तोंड बघत नाहीत. याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

सगळीकडे विकून टाका असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे जागा एकदा गेली की कोणाच्या घशात जाईल याचा भरवसा नाही, आणि ही भीती खोटी नाही. इथे कौंटीने (स्थानिक सरकारने) कर्ज दिलं, टॅक्स क्रेडिट म्हणजे करात सवलत मिळाली, घरं कोणासाठी हे कागदावर पक्कं झालं, म्हणून जमलं. नुसती श्रद्धा असून भागलं नसतं, करार नीट लागतो.

संध्याकाळी पप्पांना फोन केला, तिकडे सकाळ होती. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, मग मयत झाली तर पेटी कुठे ठेवतात? म्हटलं त्याच तळमजल्यावर, खुर्च्या सरकवून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्या चर्चमागच्या बंद पडलेल्या बोर्डिंगचा (वसतिगृहाचा) विषय त्यांनीच काढला, आठ खोल्या, पाण्याची लाईन आहे, कौलं गेलीत. नगरला शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुली रूमला किती भाडं देतात ते कॉलेजच्या गेटवर जाऊन विचारतो म्हणाले, आधी विचारतो, मग पंचांपुढे ठेवतो. मी म्हटलं मम्मीला बरोबर घेऊन जा, मुली तिच्याशी जास्त बोलतील.