तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं मोबाइलवर, मग पाकीट कशाला?

‘आता सगळे मोबाइलवरच ऐकतात. मग सीडीचं पाकीट आणि मासिकातली जाहिरात यांत एवढा जीव कशाला ओतता?’ नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहात मध्यंतर झालं की कोणी ना कोणी मला हे विचारतंच. विचारणाऱ्यांत स्वतः गाणारेही असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोबाइलवर नखाएवढं चित्र दिसतं आणि गायकाचं नाव. तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे शोधत बसावं लागतं. मागे बसून सगळा वेळ तानपुरा छेडणाऱ्या शिष्येचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गाण्याचे, शब्द नसतात. खयाल, म्हणजे रागदारी गाणं, ऐकणाऱ्याला हे सगळं हवं असतं. त्या दिवशी त्या खोलीत कोण होतं आणि काय गायलं गेलं, ते पाकिटावर लिहून राहतं.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःच आपलं नाव सांगत. चित्रांची कव्हरं फार नंतरची. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया कंपनीसाठी ती सुरू केली, तोवर तबकड्या साध्या कागदी पाकिटातच विकल्या जात. आधी नाव आलं, चित्र मागून. मीही कामाला त्याच क्रमानं लागते: आधी ऐकायचं, मग मजकूर जुळवायचा, चित्राचा विचार त्यानंतर.

नागपूरच्याच एका गायिकेचा, मल्हार या पावसाळी रागाच्या प्रकारांचा सीडी-संच माझ्याकडे आला होता. मल्हार म्हटलं की ढग, मोर, छत्री घेतलेली नायिका, हे सगळं आपोआप डोळ्यांपुढे येतं. रेकॉर्डिंग ऐकत बसले. मियाँ मल्हारात कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद, म्हणजे ‘नी’ स्वराची दोन रूपं, एकमेकांना लागून येतात. ताई त्या जागी इतक्या सावकाश जायच्या की एका निषादातून दुसऱ्यात कधी शिरल्या ते कळायचं नाही, आणि कळलं की अंगावर काटा यायचा. कव्हर तिथेच सापडलं: जवळजवळ सारखे दोन राखाडी रंग शेजारी शेजारी, मध्ये रेघ नाही. खाली नाव. ताईंनी पाहिलं आणि त्या जागेचा आलाप गुणगुणल्या. मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

हे कागदावर उतरवणं हेच खरं काम. नेहमीच्या चार रंगांच्या ठिपक्यांतून असे दोन राखाडी काढले तर एकात निळी झाक येते, दुसऱ्यात तांबूस, आणि प्रत पालटली की झाक पालटते. म्हणून दोन्ही शाया वेगळ्या घोटून घेतल्या, स्पेशल कलर म्हणून. प्रेसमधल्या मशीनमनभाऊंनी शाई बोटानं कागदावर पुसून दाखवली. म्हणाले, ‘वाळू द्या, मंग पाहा. ओली शाई खोटं बोलते.’ वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ, न चकाकणारा थर, चढलं की रंग आणखी थोडा गडद होतो, तोही हिशेब आधीच धरावा लागतो. लॅमिनेशन नको म्हणावं, तर जाड आर्ट कार्डावर घडीच्या रेषेवर शाई फुटते आणि खालचा पांढरा कागद दिसू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ही पाकिटं गाडीत पडून असतात, तेव्हा कडेला सुटणारं लॅमिनेशन चालत नाही. कडा पाहिल्याशिवाय मी माल उचलू देत नाही.

देवनागरीचं आणखी वेगळं. इंग्रजीसाठी आखलेल्या मापात आपली अक्षरं बसवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. गडद रंगात पांढरी बारीक अक्षरं ठेवली तर शाई पसरून शिरोरेखाच बुजते. म्हणून मी ठसठशीत वळणाचा फाँट घेते आणि ओळींमधलं अंतर सैल सोडते. फाइल प्रेसला द्यायच्या आधी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फाँट न ठेवता त्यांच्या नुसत्या आकृत्या करायच्या. नाहीतर समोरच्या संगणकावर फाँट नसला की ‘मल्हार’मधला ल्हा फुटून पाय मोडलेला ल आणि वेगळा हा छापला जातो. गायिकेनं आयुष्य ज्या रागाला दिलं, त्याचंच नाव मोडलेलं छापायचं?

आता जाहिरात. ती दिवाळी अंकासाठी होती. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात हा अंक महिनोन्‌महिने हाताळला जातो. दिवाळीपर्यंत पाऊस संपलेला असतो, त्यामुळे पावसाच्या आठवणीवर विसंबता येणार नव्हतं. आतली पानं काळी-पांढरी आणि कागद शाई पिणारा. माझे दोन राखाडी तिथे एकच झाले असते. कव्हर लहान करून चिकटवणं बादच झालं. पानावर राहिलं ते एवढंच: मोठ्या अक्षरात ताईंचं नाव, खाली रागांची नावं, तळाला साथीदार आणि संच कुठे मिळेल ते. बाकी पान कोरं.

ताईंचे मोठे भाऊ अस्वस्थ झाले. ‘पूर्ण पानाचे पैसे देऊन राहिलो ना आपण? मंग एवढं कोरं काहून सोडलं?’ प्रश्न रास्त होता, पैसे त्यांचे होते. मी जाहिरात खऱ्या मापात छापून आदल्या वर्षीच्या अंकात चिकटवली आणि अंक त्यांच्या हातात दिला. म्हटलं, नुसता चाळा. साड्या, बँका, तेल, क्लासेस यांची खच्चून भरलेली पानं सरकत गेली आणि त्या कोऱ्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. जाहिरातीचं काम तेवढंच असतं. अनोळखी माणसाला दोन क्षण थांबवायचं. रागाची वेळ, ताल, बंदिशीचे शब्द हे सगळं पाकिटात सावकाश वाचायला आहे.

सीडी वाजवायचं यंत्र घरी नाही, ही अडचण खरी आहे. नव्या गाड्यांतही ते नसतं. म्हणून या पाकिटात तबकडीसोबत क्यूआर कोडचं कार्डही ठेवलं. ऐका मोबाइलवर, पण बंदिश हातात धरून ऐका.

तुमच्याही मनात असं काही करायचं असेल तर फोटो मागाहून आणा, आधी रेकॉर्डिंग पाठवा. अर्धवट असलं तरी चालेल. कोणती बंदिश कोणाकडून मिळाली ते लिहून ठेवा. साथीदारांची नावं तुम्ही लिहू नका, त्यांच्याकडूनच लिहून घ्या, ते लिहितात तशी, ऱ्हस्व-दीर्घासकट. तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींचीसुद्धा.