आमची वाटचाल : आधी टेबल उलटं करा

वडील सुतारकाम करायचे, नवीन फर्निचरचं. दुरुस्तीला आलेलं जुनं सामान कोपऱ्यात पडून राहायचं आणि मला नेमका त्यातच रस. पुढे मी आणि धाकट्या भावाने नवीन कामं घेणंच बंद केलं, घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं पण असो.

आता गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती जुनं आणि कुठलं? एक नक्षीदार महोगनीचं टेबल आलं होतं, गोल, मधे एकच खांब आणि खाली तीन पाय, प्रत्येक पंज्यात गोळा धरलेला. मालक म्हणाले ओरिजिनल चिपेंडेल आहे, म्हणजे अठराव्या शतकातला लंडनचा नावाजलेला फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेल, त्याचं. हे नाव आम्ही इतक्यांदा ऐकलंय की हसू येतं, कारण चिपेंडेलने १७५४ साली आपली डिझाइन्स पुस्तकात छापली आणि मग ज्याला जमलं त्याने ती उचलली, त्यात पंज्यात गोळा धरलेला पाय तर त्या पुस्तकात नाहीच!

आम्ही टेबल उलटं केलं. खरंच जुनं गोल टेबल तंतोतंत गोल राहत नाही, लाकूड रेषांच्या आडव्या बाजूने आकसतं, टेप लावला की दोन मापांत फरक दिसतो. इथे दिसला. खालच्या बाजूला हाताच्या रंध्याच्या लाटा बोटांना लागत होत्या, म्हणजे फळी जुनीच. पायावरची पानं लाकडातून वर उठून आलेली, कारण कारागिराने आधीच जाड ठोकळा घेतलेला, म्हणजे ही नक्षी मुळातली. पण वरच्या फळीच्या काठाची नक्षी? तिथे काठ उठून दिसावा म्हणून फळी मधे खरवडून पातळ केलेली आणि एका जागी खालच्या स्क्रूचं भोक वर उघडं पडलेलं. साधं टेबल होतं, नंतर कुणीतरी भाव वाढावा म्हणून काठ कोरला. मालक जरा नाराज झाले, पण तेच आम्ही लिहून दिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक वस्तूबरोबर असा कागद देतो. खरं सांगायचं तर आज निम्मी कामं त्या कागदासाठीच येतात.

राहिलं कुठलं ते. लाकूड कुठलं आणि टेबल कुठलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १७२१ साली ब्रिटनने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी जहाजं भरून यायला लागली, पुढे क्युबा, होंडुरास. ही झाडं गुलामांकडून तोडून घेतली जायची, विक्रीच्या माहितीत हे सहसा कुणी लिहीत नाही, आम्ही लिहितो. जमैका, क्युबा या बेटांवरचं लाकूड जड आणि घट्ट, त्यात नक्षीची धार टिकते, होंडुरासचं त्यामानाने हलकं. पण तेच लाकूड लंडनला गेलं, डब्लिनला गेलं, फिलाडेल्फियालाही, त्यामुळे टेबल कुठे बनलं ते महोगनी सांगत नाही. ड्रॉवर असेल तर आम्ही त्याचा तळ आधी बघतो, आत स्वस्तातलं, बहुतेक त्याच भागातलं लाकूड वापरायचे.

दुरुस्तीत सांधे चिकटवायला आम्ही सरसच (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा जुना गोंद) वापरतो, गरम पाण्याने सुटतो म्हणून, उद्या दुसऱ्या कुणाला सांधा खोलायचा असेल तर लाकूड फाटणार नाही. पॉलिश लाखेचं, स्पिरिटमधे विरघळवून बोळ्याने. खरी अडचण लाकडाची आहे, २००३ पासून मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पानाच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचे (CITES, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहेत (बेटांवरची तर त्याआधीपासूनच यादीत), म्हणून आम्ही मोडकी कपाटं, फुटलेले पलंग घेऊन ठेवतो. कुणाकडे असेल तर कळवा, वाळवी लागलेलं असलं तरी चालेल, आतली चांगली फळी काढून घेऊ.