कारणाचा रकाना

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं, आणि ब्रीडर्स कपही नेमका त्याच दिवशी. आमच्या माहेरी ही अडचण फक्त आईला वाटली. बाकी सगळ्यांनी सोय पाहिली: दादा-वहिनी दिवाळीला पुण्याहून नाशिकरोडला येणारच होते, मी दोन गल्ल्या सोडून राहते, आणि दिवाळीत पहाटे उठल्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रीडर्स कप ही अमेरिकेतली घोड्यांच्या शर्यतींची वर्षाखेरची मोठी स्पर्धा. १९८४ पासून होते, मैदान बदलत असतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात समुद्राकाठचं डेल मार होतं. दोन दिवसांत १४ शर्यती: शुक्रवारी दोन वर्षांच्या घोड्यांच्या ५, शनिवारी मोठ्यांच्या ९. आपल्या घड्याळाप्रमाणे पहिल्या ५ पाडव्याच्या पहाटे, आणि उरलेल्या शनिवारी रात्री सुरू होऊन भाऊबीजेच्या पहाटेपर्यंत.

हे वेड अण्णांचं. आयुष्यभर नोटा छापण्याच्या प्रेसमध्ये नोकरी केली, पण रेसवर एका दिवसात पन्नासच्या वर कधी लावले नाहीत. पावसाळ्यात पुण्याचा सीझन असला की रविवारी पहाटेची एसटी धरायचे आणि आम्हा दोघांपैकी जो शहाण्यासारखा वागला असेल त्याला बरोबर न्यायचे. मला पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला लटकून घोडे बघितलेलं आठवतं, आणि घोड्याच्या ओल्या अंगाचा वास. आई काही बोलली की अण्णांचं उत्तर तयार असे: सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये सांगितलंय, रेस हा कौशल्याचा खेळ आहे. आई म्हणायची, मग कौशल्य कुठंय?

आमच्या घरच्या खेळात पैसे नाहीत. प्रत्येक शर्यतीला एक घोडा निवडायचा. पहिला आला तर ३ गुण, दुसरा आला तर १. सगळ्यात कमी गुणवाल्यानं सगळ्यांना मिसळ खिलवायची. खेळाडू तीन: दादा, वहिनी, मी. अण्णा पंच.

त्यांचा नियम एकच, आणि तोच जाच आहे. दोनशे पानी वहीत प्रत्येक शर्यतीला एक पान, घोड्याच्या नावापुढे कारणाचा रकाना, आणि तो शर्यतीआधी पेनानं भरायचा. खाडाखोड चालत नाही. कारण एका ओळीत बसलं नाही तर घोडा सोडायचा.

मी वसुबारसेपासून बसले होते. एकीकडे फराळ, एकीकडे फोनवर घोड्यांचा फॉर्म, म्हणजे आधीच्या शर्यतींतली कामगिरी. पहिली गोष्ट बघायची ती पृष्ठभाग. आपल्याकडे शर्यती गवतावर होतात, तिकडे काही गवतावर, काही मातीवर, आणि एकावर पळणारा दुसऱ्यावर पळेलच असं नाही. मग अंतर, मग शेवटच्या तीन शर्यती, मग घोडा पुढे राहून जिंकतो की मागून येऊन. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याचाच मी सगळ्यात कमी विचार केला. वहिनीची पद्धत वेगळी. ती जॉकी बघते: गवत असलं की रायन मूर किंवा विल्यम ब्युइक कुठल्या घोड्यावर आहे ते, नाहीतर फ्लाव्हियां प्रा कुठल्या घोड्यावर आहे ते. ‘घोडा मला कळत नाही, माणूस कळतो,’ म्हणते. चकल्या तळता तळता तिनं १४ पानं भरली. गावभर तेव्हा विधानसभेची हवा, कोण अर्ज मागे घेणार याच्या पैजा. आमच्या घरात निदान उमेदवार फॉर्मप्रमाणे पळत होते.

पाडव्याच्या पहाटे सुरुवात झकास झाली. इमर्सिव्ह जिंकली, लेक व्हिक्टोरिया जिंकली, दोन्ही माझ्या. मग दोन वर्षांच्या घोड्यांची मुख्य शर्यत. माझा ईस्ट अॅव्हेन्यू. आधी केंटकीतल्या कीनलंडच्या शर्यतीत पहिल्या पावलापासून पुढे राहून त्यानं मैदान मारलं होतं. कारण लिहिलं होतं: ‘सुटला की संपलं.’ गेट उघडलं, आणि तो अडखळला. पुढचे पाय मुडपले, नाक मातीला लागतंय असं वाटलं, जॉकी कसाबसा वर राहिला. तेवढ्यात सिटिझन बुल पुढे निघून गेला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. तो दादाचा. संपलं म्हणजे खरंच संपलं. मी मुकाट्यानं उटणं कालवायला गेले.

शनिवारी रात्री गोंधळ वेगळाच. फोन टीव्हीला जोडला होता, पण चित्र मागे आणि दादाच्या मित्राचे मेसेज पुढे. घोडे अजून वळणावर, आणि दादाच्या खिशात टिंग. दोन शर्यतींचे निकाल असे फुटल्यावर अण्णांनी त्याचा फोन काढून घेऊन अनारशांच्या डब्यावर ठेवला. त्यानंतर थॉर्पीडो अॅना पळाली. तीन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी, त्या वर्षी ऑगस्टमध्ये नरांच्या शर्यतीत फिअर्सनेसला शेवटपर्यंत भिडून डोक्याच्या अंतरानं हरलेली. सरळ पट्ट्यात ती आली तसे आम्ही तिघंही ‘अॅना, अॅना’ ओरडायला लागलो आणि स्वयंपाकघरातून आई घाबरून बाहेर आली, अण्णांना काय झालं म्हणून.

क्लासिक, म्हणजे स्पर्धेतली सगळ्यात मोठी शर्यत, लागली तेव्हा तीन वाजून गेले होते. माझा सिटी ऑफ ट्रॉय. इंग्लंडात एप्समची डर्बी जिंकलेला, यॉर्कला विक्रमी वेळेत पळालेला. मातीवर कधीच उतरला नव्हता, पण बाप जस्टिफाय, २०१८ चा अमेरिकन ट्रिपल क्राऊनवाला, म्हणजे तिथल्या तीन मानाच्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेला, सगळं मातीवरचं. कारण: ‘रक्तात माती आहे.’ लिहिताना मला ते फार आवडलं होतं. दादानं बजावलं होतं की त्याचा आयरिश ट्रेनर एडन ओब्रायननं जगातलं बरंच काही जिंकलंय पण क्लासिक नाही. २००० साली त्याचा जायंट्स कॉजवे टिझनाऊपुढे मानेनं हरला. मी ऐकलं नाही.

तो गेटमधूनच उशिरा निघाला. पुढच्या डझनभर खुरांची माती तोंडावर घेत मागे राहिला आणि आठवा आला. जिंकला सिएरा लिओन, ज्याच्यावर फ्लाव्हियां प्रा बसला होता, म्हणजे वहिनीचा. दुसरा फिअर्सनेस, तिसरा जपानचा फॉरेव्हर यंग.

गुण: वहिनी १५, दादा १३, मी १०. ओवाळणीच्या ताटात दादानं पाकीट ठेवलं, मग परत उचललं, पाच मिसळींचे पैसे काढून घेतले आणि पुन्हा ठेवलं.

पण खरा घाम फुटतो तो दुपारी. जेवणं झाल्यावर अण्णा लाल पेन घेऊन बसतात आणि घोडा नव्हे, कारण तपासतात. शर्यती पुन्हा लावतात, थांबवून थांबवून.

माझ्या तीन विजेत्यांपैकी इमर्सिव्हपुढे मी लिहिलं होतं, ‘अजून हरलेली नाही.’ अण्णा म्हणाले, ‘हे कारण नव्हे, ही बातमी झाली.’ काट. लेक व्हिक्टोरियापुढे होतं, ‘पुढे निघून पुढेच राहील.’ प्रत्यक्षात ती आत कोंडली होती, फट मिळाली तेव्हा निसटली. काट. म्हणजे ९ गुणांपैकी कमावलेले फक्त थॉर्पीडो अॅनाचे ३. बाकी सहा सांडलेले मिळाले.

ईस्ट अॅव्हेन्यूवर मी वाद घातला. अडखळला त्यात माझा काय दोष? अण्णांनी माझीच ओळ वाचून दाखवली. सुटला की संपलं. मग नाही सुटला तर काय, हे कुठं लिहिलंयस? ज्या घोड्याला जिंकायची एकच रीत ठाऊक आहे, त्याच्यावर डोळे मिटून सगळं कसं टाकतेस? पटलं, पण तोंडानं म्हटलं नाही.

सिटी ऑफ ट्रॉयच्या वेळी त्यांनी चित्र पहिल्या तीन सेकंदांवर थांबवलं. अमेरिकन घोडे गेटमधून गोळीसारखे सुटतात, युरोपातल्यांना इतक्या घाईची सवय नसते. बापाचं रक्त मातीवर चालेल, पण त्या गर्दीत सुटायला शिकवायला बाप येत नाही. मी पृष्ठभागाचा रकाना भरला आणि सुटण्याचा कोरा ठेवला.

सर्वांत जास्त वेळ गेला सिएरा लिओनवर. त्याला मी सोडलं होतं ते ‘नेहमी जवळ, पुढे कधीच नाही’ असं लिहून. केंटकी डर्बीत नाकानं हरलेला, नंतर बेलमाँट आणि ट्रॅव्हर्स या शर्यतींतही तिसरा. प्रत्येक वेळी उशिरा सुरू होणारा. पण क्लासिकमध्ये पुढे धावणारे किती आहेत, हे मी मोजलंच नव्हतं. डर्मा सोतोगाके आणि फिअर्सनेस सुरुवातीपासून सुसाट, पहिला अर्धा मैल ४५ सेकंदांच्या आसपास. दहा फर्लांगांच्या, म्हणजे सव्वा मैलाच्या, शर्यतीत हे परवडत नाही. पुढचे दमले आणि मागचा आयता आला. आणि मग अण्णांनी विचारलं, त्या दिवशी सगळ्यात चांगला कोण पळाला? मी म्हटलं, सिएरा लिओन. ते म्हणाले, फिअर्सनेस. त्या आगीत पुढे राहून बाकीचे विझले, हा टिकला आणि दुसरा आला. निकालाच्या कागदावर हे छापत नाहीत. वहिनी म्हणाली, गुण मात्र कागदावरचेच मोजायचे ना?

२०२५ लाही मैदान डेल मारच होतं. मी वही काढली, या खेपेला प्रत्येक पानावर पुढे धावणारे मोजले. क्लासिकला सॉव्हरिंटी लिहिला, त्या वर्षीचा केंटकी डर्बीवाला, आणि आठवड्यातच त्याला ताप आला, नाव मागे घेतलं. अण्णांनी खास परवानगी देऊन दुसरं नाव लिहू दिलं. घाईत लिहिला सिएरा लिओन, कारण: ‘गेल्या वर्षी इथेच जिंकला.’ लिहितानाच कळलं की ही पुन्हा बातमी झाली, पण खाडाखोड चालत नाही. फॉरेव्हर यंग पुढच्यांच्या लगत राहिला आणि जिंकला. जपानमध्ये तयार झालेल्या घोड्यानं क्लासिक जिंकायची ही पहिलीच वेळ. दुसरा सिएरा लिओन, तिसरा फिअर्सनेस. तेच तिघं, फक्त जागा बदललेल्या. दादा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नाचत होता.

मी पुन्हा शेवटची. पण ती पहाट कार्तिकी एकादशीची, मिसळ उधारीवर गेली. अण्णांनी वही मिटली आणि मला दाण्याचं कूट करायला बसवलं. साबुदाणा रात्रीच भिजत घातलेला होता. चार माणसांचा नव्हे, दोघांचा नव्हे, बरोबर तिघांचा. म्हणजे मी हरून सकाळी इथेच असणार, हे आईनं शर्यतीआधीच धरलं होतं, कारण न लिहिता.